जुव्यावरची मांजरं आणि द्वारकाबाई

आमच्या चाळीत कोणाची मांजर व्याली की ती बातमी दोघांपासून लपवून ठेवत. एक बोक्यापासून आणि दुसरं द्वारकाबाईंपासून. बोका पिल्लं खाईल म्हणून आणि द्वारकाबाई ती मोजतील म्हणून.

मोजणं हा बाईंचा स्वभावच होता. दवाखान्यात त्या सुईण होत्या. डोंबिवलीत आणि खाडीपलीकडच्या गावांत कुठल्या घरी कोणाला कितवा महिना आहे, हे त्यांच्या बोटांच्या पेरांवर असे. अंगठा करंगळीच्या तळापासून निघे आणि पेरापेरावरून सरकत जाई. समोरची बाई तारखेबद्दल काही वेगळं सांगू लागली की त्या म्हणत, "माझी बोटं खोटं बोलत नाहीत. घरी जाऊन नवऱ्याला विचार." नवऱ्याला नेमकं काय विचारायचं हे कोणालाच कळत नसे, पण बायका निमूट घरी जात.

त्या मूळच्या वाईकडच्या. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, मग पुण्याला सुईणीचं शिक्षण घेऊन त्या इकडे नोकरीला आल्या. मी पन्नास सालच्या सुमारास डोंबिवलीला बिऱ्हाड केलं तेव्हा त्या शेजारच्या खोलीत एकट्याच राहत होत्या. उंच, हाडानं रुंद, पांढरं लुगडं, पायात पुरुषी वहाणा आणि हातात काळी कातडी पेटी. ज्या घरात बाळंतपण केलं त्या घरातल्या यच्चयावत पुरुषांना त्या एकेरीवर आणत. मी फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होतो, म्हणून मला आधी "अहो कारकून" म्हणत. आमचा मुलगा झाला त्या सकाळी मी "अरे कारकून" झालो, तो कायमचा.

पलीकडच्या गावात बाळंतपण असलं की बाईंना मोठागावच्या बंदरावरून होडीनं जावं लागे. होडी जोमा नाखव्याची. जोमा तिथलाच, म्हातारा, बाईंना न घाबरणारा पंचक्रोशीतला एकमेव पुरुष. खाडीच्या मध्यावर एक लहानसं बेट होतं. तिकडचे लोक त्याला जुवं म्हणत. कडेनं तिवरांची, म्हणजे खारफुटीची दाटी, मध्ये उंचवट्यावर जुनी करंजाची अकरा झाडं, वस्ती अजिबात नाही. त्या करंजांच्या ढोल्यांमधून दयाळ पक्षी घरं करत. दयाळ म्हणजे साळुंकीपेक्षा लहान, काळा-पांढरा, शेपटी ताठ उभी धरणारा पक्षी. उन्हाळ्यात पहाटे त्याचा नर झाडाच्या शेंड्यावर बसून अशी शीळ घालतो की ऐकणारा माणूस हातातलं काम विसरतो. पूर्वी डोंबिवलीतही दयाळ पुष्कळ होते म्हणे. मग आमच्यासारखी बिऱ्हाडं आली, वाड्या तोडून चाळी उठल्या, खरकटं वाढलं, त्याच्यावर कावळे आणि मांजरं वाढली, आणि दयाळ गावातून गेले. जुव्यावर तेवढे राहिले.

"बाई, तुम्हाला त्या पाखरांचं एवढं काय?" असं मी एकदा विचारलं होतं.

"रात्रभर एक बाई माझ्या कानाशी ओरडत असते," त्या म्हणाल्या. "पहाटे परत येताना त्या कानात दुसरं काही पडलं नाही, तर पुढच्या बाईवर मीच ओरडते. मी त्या बायकांसाठी ऐकते."

हे झालं वर वर सांगायचं. खरं म्हणजे त्यांचा त्या पाखरांवर जीव होता. जुव्यावरचा एकेक नर त्या शिळेवरून ओळखत आणि प्रत्येकाला त्यांनी चाळीतल्या एकेका नवऱ्याचं नाव दिलं होतं. "तो पहिल्या करंजावरचा सबनीस. पहाटेपासून गळा काढून बसतो, घरटं बायको करते. पलीकडचा सामंत, आवाज मोठा आणि सांगायला काही नाही." मधल्या करंजावर मी होतो. "उठता लवकर," बाई मला म्हणाल्या होत्या, "पण वरचा सूर लागत नाही तुम्हाला." हे त्यांनी आमच्या हिच्यासमोर सांगितलं आणि ही आठवडाभर हसत होती.

या सगळ्यात मांजरांचा संबंध असा. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आमच्याकडे प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक. सोनं कोणाकडे पडलेलं नव्हतं, त्यामुळे मांजर कोणी मारत नसे. पण मांजर पाणी ओलांडून परत येत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक. तेव्हा नकोसं झालेलं मांजर पोत्यात घालायचं, बंदरावर न्यायचं आणि जुव्यावर सोडून यायचं. पार पलीकडच्या गावात नेलं तर तिथले लोक भांडायला उठत. जुव्यावर भांडायला कोणी नव्हतं. वर पुण्यही पदरात. "तिथे खेकडे आहेत, मासे आहेत, मजेत राहील हो," असं म्हणून बायका पोत्यातल्या मांजराला दहीभात भरवून निरोप देत. मजेत राहणारी मांजरं तिथे काय खातात याचा विचार द्वारकाबाईंखेरीज कोणी केला नव्हता. दयाळाची पिल्लं ढोलीतून निघाली की पहिले काही दिवस जमिनीवरच उड्या मारत असतात. मांजराला त्याहून सोपं काय हवं?

बाईंनी सरळ फर्मान काढलं. ज्या घरचं मांजर जुव्यावर जाईल त्या घरी त्या पुढच्या बाळंतपणाला येणार नाहीत. दुसरी सुईण थेट कल्याणला, आणि आमच्या चाळीत दोन वर्षं रिकामी गेलेलं घर विरळा. सबनीसवहिनींनी हे हसण्यावारी नेऊन एक बोका जुव्यावर धाडला. बाईंनी त्यांना चाळीच्या नळावर सगळ्यांसमोर गाठलं.

"काय गं, कितवा?"

"पाचवा लागलाय," वहिनी लाजून म्हणाल्या.

"मग चार महिने आहेत. सबनीसांना सांग, तेवढ्यात सुईणीचं काम शिकून घ्या. हात मऊ आहेत त्यांचे."

तिसऱ्या दिवशी बोका घरी होता.

आता माझी गोष्ट. ती लपवावी असं पुष्कळदा वाटलं, पण बाईंनीच ती इतक्या ठिकाणी सांगितली आहे की लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे बगळी नावाची एक पांढरीशुभ्र मांजरी होती. हिला नववा लागला तेव्हा सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, बाळंतिणीच्या खोलीत मांजर नको. मी एका रविवारी बगळीला पोत्यात घातलं, वर छत्री आडवी धरली आणि बंदरावर गेलो.

"पोत्यान काय?" जोमानं विचारलं.

"कोंबडी," मी म्हणालो.

जोमानं वल्ह्याचे चार हात मारले. पोत्यातून आवाज आला. "सायेब," जोमा म्हणाला, "तुमची कोंबरी म्याँव करते."

त्यानं मला जुव्यावर नेलं, बगळीला उतरवू दिलं, परत आणलं आणि संध्याकाळी सगळी हकिगत बाईंना सांगितली. बाई रात्रीचं जेवण झाल्यावर आमच्या खोलीत आल्या. हिला तपासलं. अंगठा पेरांवरून फिरवला. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. मूल खाली आलंय. पण मांजर घरी येईपर्यंत ते जन्माला येणार नाही. मोजलंय मी."

हे थोतांड आहे हे मला कळत होतं. हिलाही कळत असावं. पण नऊ महिने भरलेल्या बाईकडे त्या वेळी तर्क चालत नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी दुसऱ्या दिवशी कचेरीत न जाता, कचेरीच्याच कोटात, खिशात सुकट भरून जुव्यावर गेलो आणि मधल्या करंजाखाली बसलो. सुकटीच्या वासाला नऊ मांजरं आली. बगळी सर्वांत शेवटी आली. तिचं पोट भरलेलं होतं आणि ओठाला एक काळं-पांढरं पीस चिकटलेलं होतं. झाडावर शुकशुकाट होता. मला खरोखरच वाईट वाटलं. मांजर सोडताना आपण कोणाचं तरी घर मोडतो आहोत हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

बाईंना मी ते पीस दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण तोंड गप्प बसणारं नव्हतं. "कारकून," त्या म्हणाल्या, "तुमच्या मांजरीनं तुम्हालाच खाल्लं." पहाटे आमचा मुलगा झाला.

त्यानंतर मी बाईंच्या बाजूला गेलो तो गेलोच. चार रविवार लागले. जोमाची होडी, माझी सुकट आणि बाईंचा दरारा यांच्या जोरावर जुव्यावरची सगळी मांजरं पोत्यात आली. ज्यांची घरं सापडली ती घरी गेली. उरलेली बाईंनी वाटून टाकली. पिठाच्या गिरणीत दोन, लाकडाच्या वखारीत दोन, एक पोलीस चौकीत. चौकीतल्या जमादारानं "हे कशाला?" म्हणून विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "चोर पकडायला. तुला मदत." त्याची तिन्ही मुलं बाईंच्या हातची, त्यामुळे मांजर चौकीत रुजू झालं.

पुढच्या उन्हाळ्यात जुव्यावर एकही पिल्लू बाहेर पडलं नाही. ढोल्यांत अंडी असत, दोन दिवसांनी नसत. बाईंनी ठरवलं की एखादं मांजर लपून राहिलेलं आहे. दोन रविवार त्यांनी मला आणि जोमाला तिवरांच्या चिखलातून, तिथे नसलेलं मांजर शोधत फिरवलं. दुसऱ्या रविवारी जोमा चिखलातच बसला.

"बाय, मांजर नाय. उंदीर हान. पेंढ्याच्या होऱ्या हिथं थांबतान ना, त्यातशी आलेले. तुजी मांजरा होती तवर दबून होते. आता त्यांची दिवाली हाय."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुना इचारलास कवा?"

बाईंचा हा मोठाच दोष होता. आयुष्यभर बायकांना सांगत आल्यामुळे कोणाला काही विचारण्याची सवय त्यांना उरली नव्हती. शेवटी त्यांनी विचारलं, "मग आता काय करायचं, जोमा?" जोमानं चंची सोडली, पान जुळवलं, तोंडात घातलं आणि मगच उत्तर दिलं. इतक्या वर्षांनी मिळालेला मान तो घाईनं कशाला संपवील?

"नारलाच्या झाराला आमी पत्रा ठोकताव. उंदीर घसरतो."

बाईंनी चाळीत फिरून, ज्यांनी ज्यांनी कधी काळी मांजर सोडलं होतं त्या प्रत्येक घराला रॉकेलचा एकेक रिकामा डबा दंड केला. मी दोन दिले, कारण मी सुशिक्षित होतो. डबे कापून, सपाट करून आम्ही अकराही करंजांच्या बुंध्यांना कंबरेच्या वर पत्रे ठोकले. लांबून ती झाडं कंबरपट्टा बांधून उभी असल्यासारखी दिसत. पत्रा मांजरालाही चढू देत नाही, हे त्यानंतर माझ्या लक्षात आलं. पहिल्याच दिवशी जोमाला विचारलं असतं तर निम्मं काम वाचलं असतं, पण हे बाईंना ऐकवण्याची माझी छाती नव्हती. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाई पहाटेच्या होडीतून आल्या की आमच्या दारावर टकटक करत आणि झोपलेल्या मला बाहेरूनच, किती नर शीळ घालत होते त्याचा आकडा सांगत. "पाच." मग एके दिवशी "सहा. आणि अरे कारकून, मधल्या झाडावर नवा आलाय. त्याला वरचा सूर लागतो."

आणि मग दामूशेटनं करंज विकले.

दामूशेट पलीकडच्या गावचा जमीनदार. भाताची शेती, मिठागर, आणि जुव्यावरही त्याचा हक्क असल्याचं तो सांगे. इकडे चाळींमागून चाळी उठत होत्या, विटांच्या भट्ट्यांना लाकूड पुरत नव्हतं, आणि एका भट्टीवाल्यानं अकराही झाडं मागितली. बाई त्याच्याकडे गेल्या. मी सोबत होतो.

"बाय, झारां माजी, जुवं माजं," दामूशेट म्हणाला. "पाखरांना मी बोलावलेलं का?"

"दामूशेट, तुमच्या सुनेचा आठवा संपत आला. तिला माहेरी आई नाही, म्हणजे बाळंतपण इथेच. झाडं तोडलीत तर मला बोलावू नका."

"नाय बोलवनार. कल्यानशी आनीन."

बाईंच्या धमकीला असं उत्तर आजवर कोणी दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागद आणि दौत घेऊन बसवलं आणि आम्ही मामलेदार कचेरीत अर्ज केला. जुवं खाजगी की सरकारी हा जुना घोळ होता, म्हणून मोजणी होईपर्यंत झाडांना हात लावू नये, अशी विनंती. कल्याणच्या कचेरीत अव्वल कारकुनानं अर्ज वाचला आणि चष्म्यावरून विचारलं, "पक्ष्यांशी तुमचा काय संबंध?"

"त्यांना पिल्लं होतात," बाई म्हणाल्या. "ते माझं खातं आहे. तुझा थोरला पायाळू ना? त्याला पायांनी ओढून कोणी बाहेर काढलं, ते घरी विचार."

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, स्थगितीचा कागद हातात पडला. दामूशेटला त्याची कुणकुण लागली असावी, कारण त्यानं रविवारीच माणसं जुव्यावर उतरवली. जोमानं सकाळी धावत येऊन सांगितलं. बाईंनी कागद पेटीत टाकला, मला उठवलं आणि आम्ही निघालो. ते तोडणारे पलीकडच्या गावचे, त्यांची निम्मी पोरं बाईंच्या हातची. बाई समोर उभ्या राहिल्या असत्या तर कुऱ्हाड उचलण्याची कोणाची बिशाद नव्हती. जुवं इतकं जवळ आलं की माणसांचे चेहरे दिसू लागले. तेवढ्यात पलीकडून एक लहान होडी जिवाच्या आकांतानं येताना दिसली. दामूशेटचा धाकटा मुलगा.

"बाय गो, वयनीला पहाटेधरून कला येतान," तो ओरडला. "पोर आरवं हाय म्हनते आयस. कल्यानची बाई आली नाय."

पोटात पोर आडवं. बाईंनी जुव्याकडे पाहिलं. जोमा हळूच म्हणाला, "बाय, ओहोटी लागली. पलीकरं गेलाव तर दुपारपरत जुव्याला होरी लागनार नाय."

"बाई, कागद तरी..." मी म्हणालो. मला उतरवायचं तर चिखलातून जुव्यावर चढण्यात अर्धा तास गेला असता, आणि माझ्या हातातला कागद बघून कुऱ्हाड खाली ठेवणारं तिथे कोणी नव्हतं, हे मलाही कळत होतं.

"कागदाला कळा येत नाहीत, कारकून," बाई म्हणाल्या. "फिरव रे, जोमा."

त्यांची धमकी पोकळ होती. ती पहिल्यापासून पोकळ होती आणि मला वाटतं, सगळ्या डोंबिवलीला ते ठाऊक होतं. सबनीसवहिनींनाही. लोक मांजरं परत आणत ते भीतीनं नव्हे, या बाईंना वाईट वाटू नये म्हणून.

मी दामूशेटच्या ओट्यावर बसलो. आत सून ओरडत होती आणि पाण्यावरून कुऱ्हाडींचा आवाज येत होता. दामूशेटला वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्याला कागद वाचून दाखवला. त्यानं तो शेवटपर्यंत ऐकला. मग उठला, खाडीच्या कडेला गेला, गुडघाभर चिखलात उतरला आणि जुव्याच्या दिशेनं "थांबा रं, थांबा" म्हणून ओरडू लागला. वारा उलटा होता. कुऱ्हाडी थांबल्या नाहीत. आवाज बसेपर्यंत ओरडून तो परत आला आणि चिखलाच्या पायांनी तसाच ओट्यावर बसला.

दुपारी मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप. बाई बाहेर येऊन हात धुऊ लागल्या. दामूशेट त्यांच्या हातावर पाणी घालत होता.

"बाय, तुजं देनं कसं फेरू? काय पायजे ते माग."

बाईंनी खाडीकडे कान दिला. आता काहीच आवाज येत नव्हता.

"झाडं उभी करता येतात तुला?"

दामूशेटनं तांब्या खाली ठेवला.

"मग तुझी मांजरं दे," बाई म्हणाल्या. "तीन आहेत. मघाशी मोजली मी. आणि अंगणातल्या आंब्याला चार गाडगी टांग, पोटाला भोक पाडून, बुंध्याला पत्रा ठोकून. त्या पाखरांना आज कुठे तरी जायचं आहे."

पुढच्या उन्हाळ्यात त्यातल्या एका गाडग्यात एक जोडी आली. एकच. दामूशेट ती येणाऱ्याजाणाऱ्याला नातीसारखी दाखवत असे. त्याच वर्षी बाईंची बदली झाली आणि पुढे भेट राहिली नाही.

पण मला त्या दिसतात त्या दुपारच्या, भरती लागल्यावर घरी निघालेल्या. आमच्या चाळीत मांजरांना आधीच तोटा नव्हता, आणि त्यांच्या मांडीवर पोत्यात आणखी तीन मांजरं, एकमेकांना ओरबाडत, किंचाळत. जुव्याजवळून होडी गेली. अकराही झाडं आडवी पडली होती. कुऱ्हाडीची धार जाऊ नये म्हणून लाकूडतोड्यांनी पत्रे मात्र आधी काढून नीट एकावर एक रचून ठेवले होते. दयाळ दोन-तीन होते, चिखलावरून उगाच इकडून तिकडे उडत होते. जोमानं वल्हं थांबवलं. बाई म्हणाल्या, "चल." मग त्यांनी पोत्याकडे बघून वाईकडची एक सणसणीत शिवी हासडली, आणि आत वारा जावा म्हणून पोत्याची गाठ जराशी सैल केली.